भास्कराचार्य आणि अपुरी अट

गेल्या उन्हाळ्यात आठ दिवस बालाघाटला थोरल्या बहिणीकडे राहिलो होतो. गाव वैनगंगेच्या काठचे, जवळच मँगेनीजच्या खाणी. राज्य मध्य प्रदेशाचे, पण गोंदिया हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कितीतरी घरांत मराठी कानी पडते. बहिणीचा धाकटा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. एका दुपारी पाहतो तो हा मुलगा संगणकापुढे कपाळाला हात लावून बसलेला. त्याला एका लहानशा पुलाची, त्याच्या भाषेत पुलियाची, कमान काढायची होती आणि ती काही केल्या निघत नव्हती.

हल्लीच्या या रेखनपद्धतीला पॅरामेट्रिक म्हणतात. आधी एक ओबडधोबड स्केच काढायचे आणि मग त्याच्यावर अटी लादायच्या. ही रेषा उभी, त्या दोन समांतर, ही वक्ररेषा त्या रेषेला स्पर्श करणारी, हे अंतर इतके. अटी कमी पडल्या तर रेषा निळी राहते आणि माउसने ओढली की सरकते. अटी नेमक्या पुरल्या की ती काळी होते आणि जागची हलत नाही. अटी एकमेकींशी भांडू लागल्या की सगळे स्केच लाल. भाच्याची कमान लालभडक झाली होती. त्याने मापे तीनदा पुसून तीनदा पुन्हा घातली होती. मापे बरोबरच होती, त्यामुळे लाली जाण्याचा संभव नव्हता.

मला संगणकातले ओ की ठो कळत नाही. जन्मभर गणित शिकवले एवढेच. पण त्याच्या अटी कागदावर लिहून घेतल्या तेव्हा मात्र ओळखीच्या वाटल्या. गाळा ६ मीटर, कमानीची उंची १ मीटर, दोन्ही खांब उभे आणि कमान दोन्ही खांबांच्या माथ्याशी त्यांना स्पर्श करणारी. वक्ररेषा कोपरा न येता खांबातून वर निघावी म्हणून ही शेवटची अट त्याने हौसेने घातली होती. भांडणाचे मूळ तेच होते. स्पर्शबिंदूकडे जाणारी त्रिज्या स्पर्शरेषेला लंब असते. खांब उभे, म्हणजे दोन्ही त्रिज्या आडव्या. खांबांचे माथे एका पातळीत, म्हणजे दोन्ही त्रिज्या एकाच रेषेत. मग वर्तुळाचा मध्य गाळ्याच्या मध्यावरच पडणार, कमान अर्धवर्तुळ होणार आणि उंची ३ मीटर. तिला १ मीटर हो म्हणून सांगणे व्यर्थ. स्पर्शाची अट काढ म्हटले. त्याने ती काढली आणि स्केच काळे झाले.

गाळा ६ आणि उंची १ हे आकडे मी आधी कुठे पाहिले होते ते त्याच क्षणी आठवले. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात ते शब्दशः आहेत. त्या संध्याकाळी भाच्याला त्या ग्रंथकाराची कथा सांगत बसलो. तीच येथे थोडी नीट करून लिहितो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. जुन्या ग्रंथकारांच्या काळाविषयी पंडितांना सहसा तर्क लढवावे लागतात. येथे ती वेळ येत नाही, कारण जन्मशक त्यांनी स्वतःच श्लोकात बांधून ठेवला आहे आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचला हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे ग्रंथाचा काळ ११५०. वडील महेश्वर, शांडिल्य गोत्राचे, स्वतः ज्योतिषी. तेच मुलाचे गुरू. घराण्यात विद्या पिढीजात होती. पाच पिढ्या मागच्या भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचे शिलालेखात आहे.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग. लीलावती हे अंकगणित आणि क्षेत्रगणित, बीजगणित हे नावाप्रमाणे, ग्रहगणितात ग्रहांच्या गती आणि गोलाध्यायात गोलाचा विचार. त्यावर वासनाभाष्य नावाची टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली. सूत्र श्लोकात सांगायचे आणि ते का खरे, हे गद्यात फोडून दाखवायचे, अशी ही जोडी. पाठांतराने भागवणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिला भाग पुरे. विचार करणाऱ्याला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

आता आमची कमान. लीलावतीत वर्तुळाच्या तुकड्याला धनुष्य मानले आहे. वक्र भाग म्हणजे चाप, दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे जीवा, आणि जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतची उंची म्हणजे शर. उदाहरण असे: व्यास १० आणि जीवा ६ असता शर सांग, मग शरावरून जीवा सांग, मग जीवा आणि शर यांवरून व्यास सांग. व्यास आणि जीवा यांची बेरीज १६, वजाबाकी ४, गुणाकार ६४, मूळ ८. व्यासातून ८ वजा करून निम्मे केले की शर १. उलट जायचे तर जीवेच्या निम्म्याचा वर्ग ९, त्याला शराने भागून त्यातच शर मिळवला की व्यास १०. एकच उदाहरण तिन्ही बाजूंनी फिरवून घेण्यात मोठी शिकवण आहे. तिघांपैकी कोणतीही दोन मापे दिली की तिसरे आपोआप ठरते. तिन्ही दिलीत तर तिसरे एकतर निरुपयोगी, नाहीतर विरोधी.

भाच्याने हे लगेच करून पाहिले. उंचीचे माप काढून त्याजागी व्यास १० घातला आणि कमान भलतीच फुगली. तिची उंची ९ झाली! तेही चूक नव्हते. व्यास १०, जीवा ६ या अटींना दोन उत्तरे आहेत, जीवेच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला उरलेले ९. भास्कराचार्यांच्या सूत्रात मूळ वजाच करायचे असते, म्हणून लहान तुकडाच हाती येतो. यंत्राला लहान कोणता आणि मोठा कोणता याचे सोयरसुतक नसते. वर्तुळाचा मध्य गाळ्याच्या खाली हवा, असे त्याला वेगळे बजावावे लागले. दोन उत्तरांची जाण आचार्यांना पुरती होती. बीजगणितात वानरांच्या कळपाचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तितके वानर गुहेत गेले आणि एक झाडावर दिसला. उत्तरे ५० आणि ५. पैकी ५ त्यांनी टाकून दिले, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा होत नाहीत, आणि उणे वानर लोक मानणार नाहीत.

आणखी एक गंमत. कमानीला लागणाऱ्या विटांसाठी चापाची लांबी हवी होती. व्यास आणि जीवा यांवरून चाप काढण्याची एक स्थूल रीत लीलावतीत आहे. मी कागदावर हिशेब केला, ६.४४४ मीटर आले. संगणकाने ६.४३५ दाखवले. ९ मिलिमीटरचा फरक. गवंडी एवढे चुन्यात सामावून घेतो.

पण मला भास्कराचार्य खरे भेटतात ते चौकोनाच्या प्रकरणात. चारही बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणे त्या काळी रूढ होते. या प्रश्नाला अर्थच नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांनी दाखवले ते असे: चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबा, तो कर्ण आखडतो, दुसरा लांबतो, बाजू मात्र त्याच. बाजेची चौकट ढिली होऊन तिरकी झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चारही बाजू २५ घेतल्या आणि कर्ण ३० आणि ४० झाले तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ झाले तर ३३६. चौरस केला तर ६२५. तेव्हा एखादा कर्ण किंवा लंब सांगितल्यावाचून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, अशा अर्थाचे ते लिहून गेले आहेत. इतक्या सौम्य माणसाची जीभ येथे का सुटली? मला वाटते, चुकीचे उत्तर त्यांना सहन होत असे, अपुऱ्या माहितीवर ठाम उत्तर देणे होत नसे. गोलाध्यायातही त्यांनी गोलाच्या पृष्ठफळाबाबत लल्लाचार्यांची चूक दाखवली आणि गोल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून आपले उत्तर सिद्ध केले: वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट, चेंडूवर ताणलेल्या जाळीसारखे.

मात्र चौकोनात त्यांचाही पाय घसरला, हे लपवू नये. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये चार बाजूंवरून क्षेत्रफळाचे सूत्र दिले होते. आचार्यांनी ते तपासले. भूमी १४, मुख ९, भुजा १३ आणि १२, लंब १२ या चौकोनाला ब्रह्मगुप्तांच्या सूत्राने १९८०० चे वर्गमूळ येते, म्हणजे १४१ ला किंचित कमी. खरे क्षेत्रफळ १३८. म्हणून सूत्र अस्फुट, असा शेरा त्यांनी मारला. पण चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तर ते सूत्र तंतोतंत खरे ठरते! कोपरे वर्तुळावर हीच ती हरवलेली पाचवी अट होती. ब्रह्मगुप्तांच्या मनात ती असावी, त्यांनी उच्चारली नाही आणि भास्कराचार्यांना ती दिसली नाही. पुढे सोळाव्या शतकात केरळच्या ज्येष्ठदेवांनी युक्तिभाषेत तिची सिद्धता मल्याळीत लिहिली. वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमी थांबावेसे वाटे. अटीच्या अभावावर इतरांना पिशाच म्हणणाऱ्यालाच अट चकवून गेली.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाला सोपा जाणारा ग्रंथ लिहिला. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता आणि नातू चंगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ झाला, ही कथा सर्वांना पाठ असते. ती येते १५८७ सालच्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, चारशे वर्षांनंतर. स्वतः आचार्यांनी तिच्याबद्दल अवाक्षर लिहिलेले नाही. कथा गोड आहे, पण तिला आधाराचा लंब नाही.

हे सांगून झाल्यावर भाच्याने तो प्रश्न विचारला, जो आपल्या या महाविद्यालयात मी वर्षानुवर्षे ऐकत आलो: मामा, ते मूळचे कुठले? आपल्याकडे मराठी विभागातले विद्यार्थी म्हणत, खानदेशातले. कन्नड विभागातले म्हणत, विजापूरचे. एका स्नेहसंमेलनात यावरून खुर्च्या सरकल्याचे मी पाहिले आहे, आणि आम्ही प्राध्यापक मंडळीही तटस्थ नव्हतो. मी तर हिरिरीने पाटणच्या बाजूने बोललो होतो. आज त्याची लाज वाटते.

दिलेल्या अटी मोजून पाहू. पहिली: सह्याद्रीच्या कुशीत विज्जडवीड नावाचे नगर, असे ते स्वतः सांगतात. सह्याद्री सुमारे १६०० किलोमीटर लांब, तेव्हा ही अट रेषेला उभी म्हणण्याइतकीच. दुसरी अट नावाची. विजापूरशी ते जुळवतात, बीडशी जुळवतात. विजापूर सह्याद्रीपासून बरेच पूर्वेला, हे पटायला कठीण. उच्चारसाम्य तर ताणावे तितके ताणते. तिसरी अट सर्वांत वजनदार वाटते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे भवानीच्या देवळात डॉ. भाऊ दाजी यांना शिलालेख सापडला, तो त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. चंगदेवाने तेथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, साल १२०७. लेख संस्कृत, पण शेवटी बाजारातल्या मालावरचा कर आणि घाण्यामागे तेलाचा वाटा मठाला देण्याचा मजकूर मात्र मराठीत, कारण तो तेल्या-वाण्यांना कळायला हवा होता. हा लेख वाचताना अंगावर काटा येतो. तरी त्यातून सिद्ध होते ते नातवाच्या मठाचे स्थान. आजोबांचा जन्म कोठे झाला, हे तो सांगत नाही.

आणि १११४ मध्ये खानदेश आणि विजापूर या दोन्हींवर कल्याणीच्या चालुक्यांचीच सत्ता होती. खानदेशात यादव आणि निकुंभ हे त्यांचे मांडलिक होते. आज आपण ज्या सीमेवर उभे राहून भांडतो ती तेव्हा कोणी आखलेली नव्हती. मी पाटणला अधिक झुकतो, हे आजही नाकारत नाही. पण झुकणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे.

भाच्याला एवढे सगळे सांगितले नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचे, याहून नक्की माहीत नाही, असे म्हणालो. म्हणजे ती रेषा निळीच, असे तो म्हणाला आणि पुन्हा संगणकाकडे वळला. कमानीखालच्या एका पायाला त्याने माप द्यायचे विसरून ठेवले होते, आणि जेवणाची हाक येईपर्यंत तो पाया माउसला धरून इकडून तिकडे सरकत होता.