विश्लेषण : अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय पुस्तकविक्रेत्याचे दुकान का जाळले गेले?

न्यूयॉर्कच्या लिस्पेनार्ड स्ट्रीटवर १८३४ मध्ये डेव्हिड रगल्स यांनी छोटेसे पुस्तकांचे दुकान थाटले. कृष्णवर्णीयाच्या मालकीचे अमेरिकेतील हे पहिले पुस्तकांचे दुकान मानले जाते. पुढच्याच वर्षी गोऱ्यांच्या जमावाने ते जाळले.

रगल्स कोण होते?

१८१० मध्ये कनेटिकट राज्यात एका स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लोहारकाम करत. १७व्या वर्षी ते न्यूयॉर्कला आले. पुढे त्यांनी किराणा दुकान काढले. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर आपल्याकडे नाही, अशी जाहिरात ते करत.

दुकानात काय मिळे?

गुलामगिरीविरोधी पुस्तके, पत्रके आणि लेखनसाहित्य. छपाई, पुस्तकबांधणी आणि पत्रे लिहून देण्याची कामेही तिथे होत. ग्रंथालयांची दारे बंद असलेल्या कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी वाचनकक्षही चालवला.

विरोध कशासाठी?

न्यूयॉर्कमधील गुलामगिरी १८२७ मध्ये संपली होती, पण दक्षिणेच्या कापसावर शहराचा व्यापार चालत होता. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. वाचणारा माणूस गुलाम राहत नाही, ही भीती त्यामागे होती. सप्टेंबर १८३५ मध्ये दुकान जळाले, ते याच वातावरणात.

त्यानंतर काय झाले?

रगल्स यांनी माघार घेतली नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दक्षता समितीचे ते सचिव झाले. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पळवून दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्यांविरुद्ध ही समिती लढली. गुलामगिरीतून निसटलेल्या सुमारे ६०० जणांना रगल्स यांनी मदत केल्याचे सांगितले जाते. १८३८ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना त्यांनीच घरात आसरा दिला. डग्लस यांचे लग्नही तिथेच लागले. सात वर्षांनी डग्लस यांचे आत्मचरित्र आले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या.

अखेर कशी झाली?

मारहाण, तुरुंगवास आणि अतिश्रमाने प्रकृती ढासळली. इतरांना वाचते करणाऱ्या रगल्स यांची स्वतःची दृष्टी जवळजवळ गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी जलोपचार केंद्र चालवले. १८४९ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी ते वारले. देशभरातील गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. ते पाहायला ते नव्हते. पण त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर पुढे हार्लेमसारख्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांची पुस्तकांची दुकाने उभी राहिली. ती केवळ विक्रीची ठिकाणे नव्हती, चर्चेचे आणि चळवळीचे अड्डेही होती.