शस्त्र दुसऱ्याचे, पाप आपले

रामशास्त्री प्रभुणे मूळचे क्षेत्र माहुलीचे. काशीस विद्या करून आले नि माधवराव पेशव्यांच्या वेळी पुण्यास न्यायाधीश होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांस मारले. तलवार गारद्यांची खरी. पण शास्त्रीबुवांनी चौकशी केली, तो धागा चुलते राघोबादादांपाशी पोचला. दादा तर आता स्वतःच पेशवे! तरी शास्त्रीबुवांनी त्यांस दोषी ठरविले नि पद सोडून पुण्याबाहेर पडले. पुढे बारभाईंनी त्यांस मानाने परत आणले. १७८९ साली त्यांनी देह ठेवला.

बाबांनो, आपण हात लावला नाही म्हणून सुटलो, असे समजू नये. कान फुंकणाराही त्या पापाचा धनीच. माळकऱ्याने आधी जीभ सांभाळावी. रामकृष्णहरि!