हिवऱ्याची बाग आणि शेवंतीचा रंग

बँकेच्या नोकरीतली तीन वर्षं मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत काढली. हुद्दा शेतीकर्ज अधिकाऱ्याचा, वाहन म्हणजे एक कुरकुरणारी मोटारसायकल, आणि काम म्हणजे ज्याला कर्ज द्यायचं त्याच्या बांधावर जाऊन पीक आपल्या डोळ्यांनी पाहायचं. हा मुलूख मोठा चमत्कारिक आहे. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरच्या अंगाला पाऊस इतका, की माणसं घोंगडी-इरल्याशिवाय बाहेर पडत नाहीत आणि खाचरांत भात डोलतो. तिथून पूर्वेला निघालात, की दुपारच्या जेवणापर्यंत आळे-बेल्हे किंवा लोणी-धामणीच्या माळावर पोचता, जिथं बाजरीसुद्धा आभाळाकडे बघत उभी असते. माती बदलते, हवा बदलते, रात्रीचा गारवा बदलतो. आमच्या छापील फॉर्मात मात्र एकरी कर्जाचा आकडा सगळीकडे एकच असायचा.

१९८९ सालची गोष्ट. घोड नदीच्या काठच्या एका शेतकऱ्याने गुलाबी शेवंतीसाठी कर्ज घेतलं होतं. पिवळी आणि पांढरी शेवंती सगळेच लावत. त्याने गुलाबी वाणाच्या काश्या कुठून तरी मिळवल्या होत्या आणि दिवाळीच्या बाजारावर त्याची सगळी भिस्त होती. फूल वेळेवर आलं, पण गुलाबी आलं नाही. धुऊन विटलेल्या ओढणीसारखं, फिकट, कडेला मळकट पांढरं. दादरहून जी पट्टी आली तिच्यात हमाली आणि मोटारभाडं वजा जाऊन फारसं काही उरलं नव्हतं. मी पाहणीला गेलो आणि अहवालात लिहिलं, की बियाणं भेसळीचं असून निवड करताना कर्जदाराने निष्काळजीपणा केला आहे. त्या एका वाक्यामुळे पुढच्या हंगामाला त्याचं कर्ज निम्म्यावर आलं. डिसेंबरात तो शाखेत येऊन सांगून गेला, की त्याच झाडांना आता फूल गर्द गुलाबी येतंय, साहेबांनी एकदा येऊन बघावं. मी तिशीच्या आतला होतो, फाइल बंद झाली होती. मी गेलो नाही.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी जुनं पुणं वाचत होतो, तेव्हा दापोडीच्या वनस्पती उद्यानाची हकिकत हाती आली, आणि तिच्यातून डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाचे गृहस्थ माझ्या त्या जुन्या हद्दीत, नारायणगावाजवळच्या हिवऱ्यात, येऊन उभे राहिले. वनस्पतिशास्त्राच्या आणि वनखात्याच्या लोकांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. मला तिथं तीन वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं.

गिब्सन यांचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याकडल्या किंकार्डिनशायर परगण्यातला. एडिंबरोला वैद्यकी शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आले. त्या काळी वैद्यकीच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे, कारण निम्मी औषधं झाडपाल्याची. त्यामुळे कंपनीचे कित्येक डॉक्टर नाडी बघता बघता झाडं बघू लागले. गिब्सन काही काळ दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामावर होते. गावोगाव फिरायचं, लोकांना समजावायचं, पोरांचे दंड धरायचे. या हिंडण्यातून त्यांना इथली शेती, इथली झाडं आणि इथली माणसं जेवढी कळली असतील, तेवढी कचेरीत बसून कळणं शक्य नव्हतं, असं आपलं माझं मत. मोटारसायकलचा अनुभव गाठीशी आहे म्हणून सांगतो.

१८३८ साली त्यांच्याकडे दापोडीची बाग आली. पवना आणि मुळा यांच्या संगमाजवळचा तिथला बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला होता आणि त्याच्या आवारात ही बाग उभी राहिली होती. गिब्सन यांच्या आधी डॉ. चार्ल्स लश ती सांभाळत. बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कारंजं आणि बाकं येतात, पण ही बाग कामाची होती. कुठलं झाड इथं रुजेल, कुठलं मरेल, कुठल्यातून सरकारी दवाखान्यांना स्वस्तात औषध मिळेल, याची पारख तिथं चाले. गिब्सन यांनी दापोडीच्या जोडीला हिवऱ्याला आणि जुन्नरला बागेच्या शाखा काढल्या. विलायतेहून महागामोलाने येणारी औषधं इथल्याच मातीत काढता आली तर हवीच होती.

एक बाग असताना आणखी दोन कशाला, असा प्रश्न आमच्या विभागीय कार्यालयाने नक्की विचारला असता. पण दापोडीची हवा वेगळी आणि हिवऱ्याची वेगळी. एकच रोप दोन ठिकाणी लावलं आणि एका जागी पोसलं, दुसऱ्या जागी खुरटलं, तर दोष रोपाचा की जागेचा हे निदान विचारता तरी येतं. एकाच जागी लावणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. तो रोपाला नावं ठेवून मोकळा होतो. मी तेच केलं होतं.

गिब्सन यांनी आणखी एक काम करून घेतलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराला बसवून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची जलरंगातली चित्रं काढवली. ती पावणेदोनशेच्या आसपास आहेत आणि आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. तिथले हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर सुंदर ग्रंथ काढला. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता एवढंच कळतं, नाव कुठंही नाही. साहेबांचं नाव ग्रंथात आणि ज्याने पाकळी रंगवली तो बेनाम, ही आपल्याकडची जुनीच रीत.

चित्रांची गरज का पडते, तर वाळवलेल्या नमुन्यात पान राहतं, शिरा राहतात, पण रंग उडतो. तेव्हा ताज्या फुलाचा रंग कागदावर धरून ठेवायला चित्रकारच लागे. गंमत अशी, की कागदावर रंग कायमचा बसला तरी झाडावर तो कायमचा नसतो. स्थलपद्माचं फूल सकाळी पांढरं उमलतं आणि संध्याकाळी गुलाबी होतं. ते थंडीत ठेवलं तर पांढरं जास्त वेळ राहतं. मधुमालतीचा घोस रात्री पांढरा आणि पुढे लाल. महाबळेश्वरच्या आंबट, तांबड्या मातीत हायड्रेंजियाला निळी फुलं येतात. तेच रोप चुनखडीच्या जमिनीत न्या, फुलं गुलाबी. चित्रकाराने कुठल्या घटकेला ब्रश बुडवायचा?

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. आपल्या देशातल्या सरकारी वनखात्याची ती पहिली पावलं. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान हवं होतं, आणि कोकण-घाटमाथ्यावरची जंगलं झपाट्याने चालली होती. जंगल गेलं की झरे आटतात, हे गिब्सन १८४० च्या दशकातच सरकारला लिहीत होते. या दूरदृष्टीचं कौतुक करावंच लागेल. पण याच खात्याच्या पुढच्या कायद्यांनी डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या आणि ठाकरांच्या घरची मोळी गुन्ह्यात जमा झाली, हेही भीमाशंकरच्या अंगाला फिरलेल्या माणसाला विसरता येत नाही. फिरत्या शेतीचे गिब्सन विरोधकच होते. त्या शेतीवर जगणाऱ्यांच्या बाजूने मात्र त्यांना ती पाहता आली नाही.

१८६० मध्ये ते निवृत्त झाले. १८६१ मध्ये डाल्झेल यांच्याबरोबर त्यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ निघाला. १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली, पुढे गणेशखिंडीत दुसरी झाली. १८६७ मध्ये गिब्सन वारले. त्याच्या आदल्याच वर्षी मध्य युरोपातल्या ब्रनो गावच्या एका मठवाशाचा, मेंडेलचा, वाटाण्यावरचा निबंध छापून आला होता. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा हिशेब त्याने बीजात शोधला. तेव्हा त्याची दखल कुणी फारशी घेतली नाही.

पण सगळंच बीजात नसतं, हे एका नाजूक फुलाने दाखवलं. प्रिम्युला हे गिब्सन यांच्या मायदेशी वसंतात कुंपणाच्या कडेला फुलणारं, फिकट पिवळं फूल. लहानपणी त्यांनी ते खुडलं असेलच. त्याची एक चिनी बहीण १८२० च्या सुमारास इंग्लंडात पोचली आणि घरोघरी कुंड्यांत जाऊन बसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ एर्विन बाउर यांनी तिच्या एका लाल वाणावर प्रयोग मांडला. वीस अंश सेल्सियसच्या हवेत वाढवलं तर फुलं लाल, तीसच्या वर ठेवलं तर तीच झाडं पांढरी फुलतात. त्याहून मजा पुढे आहे. पांढरी फुललेली कुंडी गारव्यात नेली तर उमललेली फुलं पांढरीच राहतात, पुढच्याही काही कळ्या पांढऱ्याच उमलतात, आणि त्यानंतरच्या लाल येतात. म्हणजे फूल उमलताना हवा कशी आहे यावर नव्हे, तर कळी पोटात घडत होती तेव्हा कशी होती यावर रंग ठरतो.

शेवंतीचंही तसंच. तिचा गुलाबी रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. उन्हाळ्यासारखी हवा असली की ते कमी तयार होतं आणि झालेलंही लवकर विरतं. पिवळा रंग वेगळ्या द्रव्याचा, त्याला उष्णतेचं तितकं भय नाही, म्हणून पिवळीवाल्यांची कधी तक्रार नसायची. त्या शेतकऱ्याच्या कळ्या ऑक्टोबरच्या तापात घडल्या आणि दिवाळीला फिक्या उमलल्या. डिसेंबरातल्या कळ्यांना थंडीच्या रात्री मिळाल्या. काश्या एकाच जातीच्या, चोख होत्या.

हे सगळं नीट समजल्यावर गेल्या डिसेंबरात मी मंचरवरून घोड नदीकडे गेलो. तो गृहस्थ आता नाही. मुलगा भेटला, चाळिशीतला, त्याने शेडनेट उभारलं आहे आणि गुलाबी शेवंतीची लागवड तो अशी करतो, की कळी थंडीतच धरावी. दिवाळीच्या भावावर पाणी सोडून. मी कोण, ते सांगितलं. माझं ते अहवालातलं वाक्यही सांगितलं. वडील कर्ज निम्मं झाल्याचं घरी बोलायचे, त्यामागचं कारण त्याला पहिल्यांदाच कळलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने सरीत वाकून एक झाड हाताने बाजूला केलं आणि मला दाखवलं. खाली महिन्यापूर्वी उमललेली दोन फुलं फिकट, वर परवा उमललेली गर्द. चहा घेऊनच जा म्हणाला, आणि बायकोला हाक मारायला घराकडे गेला.