हवेच्या ब्रेकचा जनक

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तुम्ही कधी खोपोलीला गेला आहात का? गेलात तर तेथील शिळफाट्यावर थोडा वेळ उभे राहा. बोरघाट उतरून आलेला एखादा ट्रक थांबला, की फुस्स असा आवाज येतो. हा आवाज दाबलेल्या हवेचा. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानातला कॉम्प्रेसर तुम्ही पाहिलाच असेल. त्यातला दट्ट्या बाहेरची हवा आत ओढतो, दाबतो आणि टाकीत भरतो. ट्रकच्या इंजिनाजवळही असाच एक लहान कॉम्प्रेसर असतो. त्याच्या हवेवर ट्रकचे ब्रेक चालतात. ही युक्ती रेल्वेगाडीत ज्याने यशस्वी करून दाखवली, त्या जॉर्ज वेस्टिंगहाउसची ही ओळख.

जॉर्जचा जन्म १८४६ साली अमेरिकेत झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. शाळेपेक्षा जॉर्जचे मन तेथेच अधिक रमे. तरुणपणी त्याने दोन मालगाड्यांच्या टकरीनंतरचे दृश्य पाहिले. दोन्ही चालकांना समोरची गाडी दिसली होती, पण गाड्या वेळेत थांबल्या नाहीत. थांबणार तरी कशा? त्या काळी डब्याडब्यावर माणसे असत आणि इंजिनाची शिटी ऐकून ती हाताने चाक फिरवून ब्रेक लावत!

आपल्याकडेही हे संकट होतेच. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. १८६९ च्या जानेवारीत घाट उतरणारी एक मेलगाडी ब्रेक न लागल्याने रूळ संपतात तेथून पुढे जाऊन कोसळली.

सगळे ब्रेक चालकाच्याच हाती असावेत, असे जॉर्जला वाटे. त्याने साखळी वापरून पाहण्याचा विचार केला, वाफेचाही केला. पण वाफ लांब नळीत थंड होऊन तिचे पाणी होते. मग त्याच्या वाचनात आले, की युरोपात आल्प्स पर्वतातील बोगदा खोदताना दाबलेली हवा दूरवर नळीने नेऊन खडक फोडतात. हवा थंड झाली तरी हवाच राहते! त्याने इंजिनावर वाफेने चालणारा कॉम्प्रेसर बसवला आणि प्रत्येक डब्याखाली नळी नेली. पहिल्याच चाचणीत रुळांवर एक घोडागाडी आडवी आली. चालकाने हवा सोडली आणि गाडी तिच्या अगदी जवळ येऊन थांबली. १८६९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जॉर्जला या शोधाचे पेटंट मिळाले.

पण त्यात एक मोठा दोष होता. नळी फुटली किंवा डबे सुटले, की ब्रेक लागतच नसत. १८७२ साली जॉर्जने सारी रचना उलटी केली. नळी सदैव हवेने भरलेली ठेवली आणि प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी दिली. नळीतला दाब उतरला, की एक झडप उघडून टाकीतली हवा ब्रेक लावी. म्हणजे नळी फुटली तरी गाडी थांबणारच! माझ्या मते त्याचा खरा शोध हाच.

पुढे १८८६ साली पन्नास डब्यांच्या मालगाडीवर चाचणी झाली, तेव्हा मागचे डबे उशिरा थांबून पुढच्यांवर आदळू लागले. जॉर्जने झडप पुन्हा सुधारली. १८९३ साली अमेरिकेत असे ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. आपल्या कामगारांना त्याने शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, हेही त्या काळी नवलच. १९१४ साली त्याचे निधन झाले.

आज कॉम्प्रेसरचे अनेक प्रकार आहेत. गॅरेजमध्ये दट्ट्याचा असतो. दिवसभर हवा लागणाऱ्या कारखान्यांत स्क्रू कॉम्प्रेसर असतो. त्यात मळसूत्रासारखे दोन दांडे फिरतात. फारच मोठ्या प्रमाणावर हवा हवी असेल, तर वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा वापरतात.

आता पुन्हा शिळफाट्यावर या. रात्रभर थांबलेला ट्रक सुरू झाला, तरी लगेच हलत नाही. चालक समोरचा काटा पाहत बसतो. टाकीत पुरेशी हवा भरली, की मगच तो गाडी घाटाकडे वळवतो.