कडधान्यांतला अडसर आणि कमला सोहोनी

वाल, चवळी, पावटे कच्चे खाल्ले तर त्यातील प्रथिने नीट पचत नाहीत. याचे एक कारण म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवणारे घटक या दाण्यांतच असतात. भारतीय कडधान्यांतील या अवरोधकांचा मुंबईत बसून कसून अभ्यास केला तो डॉ. कमला सोहोनी यांनी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहून मगच प्रवेश कायम करू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले. ते पाहून रामन यांनी पुढे संस्थेची दारे मुलींना उघडली.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. पेशीच्या श्वसनात ते इलेक्ट्रॉन पोहोचवण्याचे काम करते. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. परदेशात न राहता त्या परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. पुढे त्या तिथल्या संचालक झाल्या.

येथेच त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांतून ट्रिप्सिनचे अवरोधक वेगळे काढले. गरिबाच्या ताटातले प्रथिन अंगी कसे लागेल, हा त्यामागचा प्रश्न होता. भिजवून, मोड आणून हे अवरोधक कमी होतात. पण खात्रीचा उपाय म्हणजे कडधान्य पाण्यात पूर्ण शिजवणे.

प्रथिने तोडणारी एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज, दुधारी असतात. स्वादुपिंड ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात तयार करते आणि ते लहान आतड्यात पोहोचल्यावर जागे होते. पित्तखडे किंवा दारूमुळे ते स्वादुपिंडातच जागे झाले, तर ग्रंथीच्या पेशी मरू लागतात आणि तीव्र दाह होतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीकडे जाते, उलट्या होतात. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे. हे अवेळी जागे होणे रोखण्यासाठी आपल्या स्वादुपिंडातही ट्रिप्सिनचा स्वतःचा अवरोधक असतो.

सायटोक्रोम सीची कथाही प्रोटिएजपाशीच पोहोचली. १९९६ मध्ये अमेरिकेत शिआओडोंग वँग यांच्या गटाने दाखवले, की प्राण्यांच्या पेशीतील मायटोकॉन्ड्रियामधून हे प्रथिन बाहेर पडले की कॅस्पेज नावाची प्रोटिएज जागी होतात आणि पेशी शिस्तीने स्वतःला मोडीत काढते. या पद्धतीने मेलेली पेशी सहसा फुटून आजूबाजूला दाह पसरवत नाही. श्वसनासाठी लागणारे प्रथिनच मरणाचा संकेत देते, हे तेव्हा उमगले. अनेक कर्करोगांत हीच यंत्रणा बिघडलेली असते आणि पेशी मरायच्या थांबतात.

कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यावरही काम केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. ग्राहकांना शुद्ध माल मिळावा म्हणून त्या तिथे लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. कच्च्या कडधान्याची भुकटी किंवा रस पौष्टिक म्हणून घेण्याची टूम आज निघते, तेव्हा त्यांचे काम आठवावे आणि वाल शिजवूनच ताटात वाढावेत.