वाढत्या अंगाचे धरण : सर विश्वेश्वरय्या

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

घरात मूल वाढत असले म्हणजे आई त्याचा सदरा बेताचा शिवत नाही, वाढत्या अंगाचा शिवते. बाही लांब राहते, खांदा उतरतो, शेजारची मुले हसतात. पण दोन वर्षांनी तोच सदरा अंगावर नीट बसतो आणि कापडाचे पैसे वाचतात. विजेच्या नियोजनाचा विषय अर्थशास्त्राच्या तासाला निघाला तेव्हा मला प्रथम हा सदरा आठवला आणि त्यापाठोपाठ आठवले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्या या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांनी सारख्याच हक्काने सांगावे असे हे चरित्र आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे विद्वान, घरची परिस्थिती मात्र बेताची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बेंगळूरला शिकताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळवली. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा कानडी मुलगा पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला आला. १८८३ साली तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला.

त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काढली. नाशिक, धुळे, सक्कर, सुरत, पुणे अशी ती भ्रमंती होती. खानदेशात पांझरा नदीतून पाण्याचा नळ पलीकडे नेण्याचे अवघड काम त्यांनी कोवळ्या वयात पार पाडले. १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वतः योजलेली स्वयंचलित दारे बसली. ही दारे समजून घेण्याजोगी आहेत. धरणाची भिंत न वाढवता त्यात जास्त पाणी साठवायचे आणि पुराचे पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दारांनी आपोआप उघडायचे, अशी ती युक्ती. असलेल्या भांडवलातून अधिक काम काढणे, हा वाणिज्य शाखेचा धडाच म्हणायचा!

चीफ इंजिनिअरची जागा त्या काळी भारतीय माणसाच्या वाट्याला येत नसे. विश्वेश्वरय्यांनी १९०८ साली मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसा नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले होते. तेथील पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखून दिली आणि १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले. येथून आपल्या विषयाला खरा प्रारंभ होतो.

म्हैसूरकडे वीज होती. दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरीवर शिवनसमुद्र येथे संस्थानने जलविद्युत केंद्र उभारले होते आणि १९०२ साली तेथून सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली होती. शेषाद्री अय्यरांचा हिशेब चोख होता. त्यांनी आधी खाणींशी करार केला आणि मग केंद्र बांधले. गिऱ्हाईक पक्के, म्हणून भांडवलाला धोका कमी. खाणी रात्रंदिवस चालत, त्यामुळे यंत्रे रिकामी बसत नसत. १९०५ साली बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, १९०८ साली म्हैसूर शहरात लागले. एकदा दिवा पाहिलेला माणूस पुन्हा कंदिलाकडे वळत नाही. मागणी वाढत चालली.

पण कावेरी काही मागणी पाहून वाहत नाही. पावसाळ्यात ती दुथडी भरून जाते आणि उन्हाळ्यात तिची धार बारीक होते. वीज हा माल कणगीत भरून ठेवता येत नाही, ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती खपते. त्यामुळे केंद्रात कितीही यंत्रे बसवली तरी वर्षभर खात्रीने देता येणारी वीज ठरते ती उन्हाळ्यातल्या पाण्यावरून. इकडे खाणी अधिक वीज मागत होत्या, तिकडे चैत्र-वैशाखात आहे तीच पुरवताना दमछाक होत होती.

विश्वेश्वरय्यांनी यावर काढलेला तोडगा आज आपल्याला साधा वाटतो. वीज साठवता येत नसेल तर पाणी साठवावे. म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे कावेरीवर मोठे धरण बांधायचे, पावसाळ्याचे पाणी अडवायचे आणि ते वर्षभर बेताबेताने खाली शिवनसमुद्रकडे सोडायचे. वाटेत त्याच पाण्यावर मंड्याकडची कोरडवाहू जमीनही भिजवता येईल. म्हणजे केंद्र एकीकडे आणि त्याची तिजोरी दुसरीकडे!

विरोध झालाच. संस्थानच्या अर्थखात्याला खर्चाचा आकडा पाहून धडकी भरली. एवढी वीज घेणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण काही चुकीची नाही. सरकारी पैसा रयतेचा असतो आणि वीज खपली नाही तर कर्जाचे व्याज रयतेलाच भरावे लागते. दुसऱ्या बाजूला, धरण बांधायला वर्षे लागतात. मागणी दारात येऊन उभी राहिल्यावर पाया खणायला घेतला तर मधली वर्षे अंधारात जातात. जास्त बांधले तर व्याज बुडते, कमी बांधले तर उद्योग बुडतो. आजही प्रत्येक वीज मंडळाला हाच पेच पडतो.

विश्वेश्वरय्यांनी आकडे मांडले. खाणींना किती वीज लागेल, तिचे किती पैसे येतील, पाणीपट्टी किती येईल, असा जमाखर्च समोर ठेवला. महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांना तो पटला आणि १९११ साली कामाला मंजुरी मिळाली. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारचा आक्षेप होता, म्हणून पहिल्या टप्प्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठेल एवढेच धरण बांधण्याचे ठरले. मूळ योजना मात्र साडेएक्केचाळीस अब्ज घनफुटांची होती. विश्वेश्वरय्यांनी पाया घातला तो या मोठ्या धरणाचा. भिंत आजच्या ऐपतीची आणि पाया उद्याच्या गरजेचा, असा हा वाढत्या अंगाचा सदरा होता.

या रुंद पायानेच मद्रासबरोबरचा वाद पेटवला, हेही सांगितले पाहिजे. १९१४ साली लवादाचा निवाडा झाला, तरी तंटा मिटला नाही. अखेर १९२४ साली करार झाला. वरच्याने उद्याचा विचार केला म्हणजे खालच्याला आपल्या आजची काळजी वाटते. नदी एक आणि राज्ये दोन असली की नियोजन नुसत्या गणिताने भागत नाही, हे आपल्या सीमाभागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

सुमारे दहा हजार मजूर धरणावर राबले. हिवतापाने माणसे पडत, तरी काम थांबले नाही. सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरून दगडी भिंत चढत गेली. पाण्याखाली गावे गेली आणि कन्नंबाडीचे प्राचीन वेणुगोपाळाचे मंदिरही गेले. उद्याच्या दिव्यासाठी त्या गावांनी आपली घरे सोडली, ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. १९३०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत धरण पुरे झाले. कृष्णराजसागर हे त्याचे नाव, पण कानडी माणूस आजही त्याला प्रेमाने कन्नंबाडी कट्टे म्हणतो.

दरम्यान, १९१२ साली विश्वेश्वरय्या संस्थानचे दिवाण झाले होते. १९१३ साली म्हैसूर बँक, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ, चंदनाच्या तेलाचा कारखाना, भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची सुरुवात, अशी कामे त्यांच्या कारकिर्दीत झाली. वीज आहे, तर ती वापरणारे उद्योग हवेत. उद्योग हवेत, तर बँक आणि शिकलेली माणसे हवीत, अशी ती साखळी होती. एवढी वीज घेणार कोण, या अर्थखात्याच्या प्रश्नाचे हे उत्तर होते. मागणीची नुसती वाट पाहायची नसते, ती घडवायचीही असते.

एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, या महाराजांच्या धोरणाशी विश्वेश्वरय्यांचे पटले नाही. १९१८ साली मिलर समिती नेमली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले. गुणवत्तेला धक्का लागेल असे त्यांना वाटे. मला वाटते, येथे महाराजांची दृष्टी अधिक लांबची होती. सगळी वीज खाणींनाच दिली तर हिशेब सोपा होतो, पण शेवटच्या घरापर्यंत तार नेल्याशिवाय ते सरकारी खाते जनतेचे होत नाही. संधीचेही तसेच आहे. थोर पुरुषाला वंदन करतानाही एवढे म्हणायला हरकत नसावी.

पदावरून उतरल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. तोट्यात चाललेला भद्रावतीचा कारखाना त्यांनी सावरला. १९३४ साली भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्या वेळी पंचवार्षिक योजनांचे नावही आपल्याकडे नव्हते. शरावतीच्या जोग धबधब्याची वीज काढावी, हा ध्यास म्हैसूरने सोडला नाही आणि १९४८ साली तेथील केंद्र सुरू झाले. १९५५ साली विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी जगाचा निरोप घेतला. आज आपल्या बेळगावातील तंत्रविद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

आमच्या शेतातल्या पंपाची वीज पुष्कळदा मध्यरात्री येते. वडील बॅटरी घेऊन बांधावर जातात, आणि आई ते परत येईपर्यंत जागी असते. अशा रात्री मला वाटते, कुठेतरी, कुणीतरी, वीस वर्षांपूर्वी बेताचा सदरा शिवला. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत, कोणी वीज खात्यात, कोणी अर्थखात्यात बसेल आणि एखादी खर्चाची फाईल समोर येईल. तेव्हा दोन आकडे पाहावेत : आज परवडते किती आणि उद्या लागणार किती. पहिल्या आकड्याने भिंतीची उंची ठरवावी आणि दुसऱ्याने पाया.