अंधाऱ्या वाटेवरील साद : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याला रब्बी ज्वारीचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. पावसाळा सरत आला की तिची पेरणी होते. पुढे आभाळातून थेंब पडला नाही, तरी काळ्या मातीने पोटात साठवून ठेवलेल्या ओलीवर ते पीक तग धरते. ख्रिस्ती जीवनातही असे कोरडे दिवस येतात. नापिकी, कर्ज, आजारपण किंवा घरातील मृत्यू यांनी मन खचते. प्रार्थना करूनही उत्तर मिळत नाही आणि परमेश्वर मौन धरून बसला आहे, असे वाटू लागते. अशा अंधारात त्याचे मार्गदर्शन कसे ओळखावे? आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन या प्रश्नावर प्रकाश टाकते.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे 1556 साली वसई येथे झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई भारतीय होती. वसईतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले आणि श्रद्धेचे बीज त्यांच्या बालमनात रुजले. सुमारे पंधरा वर्षांचे असताना फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्यासोबत ते दूरच्या जपान देशी गेले. तेथील भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून मनोभावे सेवा केली.

येशूसंघात प्रवेश घेऊन संपूर्ण जीवन प्रभूला अर्पण करावे, ही त्यांची मनीषा होती. परंतु संघाने त्यांना प्रवेश दिला नाही. तारुण्याची उमेदीची वर्षे ज्या कार्याला वाहिली, त्याच कार्याचे दार बंद झाले. ज्या वाटेला आपण देवाची वाट समजून चालावे, ती मध्येच खुंटावी, याहून गडद अंधार भाविकाच्या वाट्याला क्वचितच येतो.

गोन्सालो व्यापाराकडे वळले. व्यापारात त्यांचा चांगला जम बसला आणि हाती पैसाही आला. तथापि, समर्पित जीवनाची ओढ काही सरली नाही. पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे जुआन पोब्रे या फ्रान्सिस्कन बंधूशी त्यांचा स्नेह जुळला. त्यांच्या सल्ल्याने गोन्सालो यांनी व्यापारावर पाणी सोडले आणि ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. साध्या बंधूचे पद त्यांनी आनंदाने स्वीकारले.

यानंतर जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. 1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पीटर बॅप्टिस्ट यांना जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून धाडले. या मंडळींना जपानी भाषा अवगत असणारा दुभाषी हवा होता. तो गोन्सालो यांच्या रूपाने लाभला. ज्या वर्षांचे चीज झाले नाही असे वाटले असेल, त्याच वर्षांत कमावलेली भाषा आता प्रभूच्या कामी आली. क्योतो येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च उभारले व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

मात्र जपानमधील वातावरण निवळलेले नव्हते. हिदेयोशी यांनी 1587 मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्या प्रकरणातून संशय भडकला आणि डिसेंबरात धरपकड सुरू झाली. गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत गावोगाव फिरवत नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. ज्या संघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता, त्याच संघाचे संत पौल मिकी व दोन बंधू त्या टेकडीवर त्यांच्यासोबत हुतात्मे झाले.

1627 साली या हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. वसईचा हा सुपुत्र भारतभूमीत जन्मलेला पहिला संत ठरला.

प्रिय भाविकहो, या जीवनातून आपण काय घ्यावे? संकटकाळी आपण आकाशवाणीची वाट पाहतो. गोन्सालो यांना वाट दिसली ती एका मित्राच्या सल्ल्यातून, हाती असलेल्या कौशल्यातून आणि समोर आलेल्या गरजेतून. म्हणून अंधारात असताना आपणही एकाकी राहू नये. धर्मगुरूंशी, एखाद्या श्रद्धावंत शेजाऱ्याशी मन मोकळे करावे. उत्तर मिळाले नाही तरी आजचे कर्तव्य आणि आजची प्रार्थना सोडू नये.

आणखी एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. देवाच्या मार्गदर्शनाने गोन्सालो यांचे दुःख टळले नाही. ते मार्गदर्शन त्यांना क्रुसापर्यंत घेऊन गेले. देवाची वाट सापडणे म्हणजे सुखाची वाट सापडणे नव्हे. तो आपल्यासोबत चालतो, एवढेच वचन आपल्याला आहे, आणि ते पुरेसे आहे.

घरातील सायंप्रार्थना, रोझरी, मुलांना शिकवलेला धर्मबोध आणि मिस्साबलिदानातील सहभाग ही आपल्या अंतःकरणातील ओल आहे. चांगल्या दिवसांत ती साठवली, तरच कोरड्या दिवसांत श्रद्धेचे पीक उभे राहील. दरवर्षी 6 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा या हुतात्म्यांचे स्मरण करते. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक खचलेल्या कुटुंबासाठी आपण संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.